मोजणीची साखळी आणि हृदयाची झडप

ज्या मनुष्याने उभ्या आयुष्यात कोणाची नाडी पाहिली नाही, आणि रुग्णालयाशी ज्याचा संबंध भेटीच्या वेळेत जेवणाचा डबा पोहोचविण्यापलीकडे फारसा आला नाही, त्याने हृदयाच्या झडपांच्या चित्रणावरील पुस्तकाला प्रस्तावना लिहावी, हे वाचकांस विपरीत वाटल्यास त्यांची तक्रार मला मंजूर आहे. ग्रंथकर्त्यांनी ही कामगिरी माझ्याकडे सोपविली तेव्हा मीही हीच हरकत घेतली होती. त्यावर त्यांचे म्हणणे असे पडले की, हृदय काय ते हृदयरोगतज्ज्ञ सांगतील, संगणक काय तो संगणकवाले सांगतील. परंतु या पुस्तकाचा खरा विषय मोजणी हा आहे, आणि जमीनमोजणी व जलशास्त्र हे दोन विषय स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना शिकविण्यात तुमची पस्तीस वर्षे खर्ची पडली आहेत. या युक्तिवादापुढे मी निरुत्तर झालो. पुढे हस्तलिखित वाचले तेव्हा त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असल्याची खात्री पटली.

साखळीची गोष्ट आधी सांगून टाकतो. इंग्रजी अमदानीपासून आपल्या मुलखातील जमिनीची मोजणी लोखंडी साखळीने होत आली. साखळी नवी असते तेव्हा तिची लांबी बिनचूक असते. परंतु उन्हातान्हातून, काट्याकुट्यांतून वर्षानुवर्षे ओढली गेल्यावर तिच्या कड्या झिजतात, जोड ताणले जातात, आणि ती बोट-दोन बोटे लांबते. लांबलेली साखळी शेताला लहान करून दाखविते. आणि मौज अशी की मोजणीदार कितीही सचोटीचा असो, तो दहा वेळा मोजो की वीस वेळा, दर खेपेस तीच चूक त्याच्या वहीत अगदी सुवाच्य अक्षरांत उतरते. म्हणून जाणता मोजणीदार शेतात उतरण्यापूर्वी, पक्क्या बसविलेल्या दोन खुणांमध्ये साखळी ताणून पाहतो. त्या खुणांमधील अंतर त्याला मोजावयाचे नसते. ते ठाऊकच असते. ठाऊक असलेल्या अंतरावर साखळीची रुजुवात घ्यावी आणि मगच ठाऊक नसलेल्या शेताच्या हद्दीत पाऊल टाकावे, हा त्या विद्येचा पहिला धडा. जिवंत माणसाच्या छातीत अशा दोन खुणा विधात्याने बसविलेल्या नाहीत. त्या बसविण्याचे काम आता संगणकीय प्रतिरूप, ज्याला हल्लीची मुले सिम्युलेशन म्हणतात, ते करू लागले आहे; आणि हे कसे, याची कैफियत म्हणजे हे पुस्तक.

झडप म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे माळ्याच्या जिन्यावरची लाकडी झडप येते, धप्पकन पडणारी. हृदयातील झडप त्या मानाने फारच नाजूक वस्तू आहे. एक मिलिमीटरहून पातळ अशा दोन किंवा तीन पाकळ्या, रक्ताच्या लोटाने उघडतात आणि त्याच रक्ताच्या माघारी वळण्याने मिटतात. त्यांना हलविणारा स्नायू पाकळीत नाही. मिनिटाला सत्तर ठोके धरले तरी दिवसाकाठी ही उघडझाप एक लाखाच्या वर जाते आणि दहा वर्षांत तिची बेरीज छत्तीस कोटींच्या पुढे भरते. डाव्या जवनिकेतून महारोहिणीकडे जाण्याच्या दाराशी जी झडप आहे, ती निरोगी माणसात पुरती उघडली म्हणजे तीन ते चार चौरस सेंटिमीटरांची वाट मोकळी होते. हल्लीच्या एक रुपयाच्या नाण्याएवढी समजा. उतारवयात तिच्यावर चुन्याचे थर बसतात, पाकळ्या ताठरतात, वाट आकसते, आणि ती एक चौरस सेंटिमीटरच्या खाली उतरली की दुखण्याची नोंद ‘तीव्र’ या सदरात होते. हे सारे बंद छातीच्या आत, सेकंदाच्या काही शतांशांत, कोणाच्याही दृष्टीस न पडता चाललेले असते.

ते पाहण्याची ईर्षा मात्र जुनी आहे. लिओनार्दो दा विंची याने १५१२-१३ च्या सुमारास बैलाच्या हृदयाचे विच्छेदन करून महारोहिणीच्या मुखाची जी चित्रे काढली, ती आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात विंडसर येथे जपून ठेवलेली आहेत. झडपेच्या मागे महारोहिणीच्या भिंतीला तीन फुगवटे असतात. त्यांना दोनशे वर्षांनंतरच्या वाल्साल्वा नामक शरीरशास्त्रज्ञाचे नाव पडले असले, तरी त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न लिओनार्दोने आधीच विचारला होता. फुगवट्यांत शिरलेले रक्त भोवऱ्यासारखे फिरते आणि तोच भोवरा पाकळ्यांना मिटण्यास साहाय्य करतो, असा त्याचा तर्क. तो पडताळून पाहण्यासाठी त्याने अशी तजवीज लिहून ठेवली की, बैलाच्या हृदयात वितळलेले मेण ओतून साचा घ्यावा, साच्यावरून काचेची नळी घडवावी, आणि गवताचे बी मिसळलेले पाणी तीतून सोडून बियांची चाल डोळ्यांनी पाहावी. जलशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाण्यावर लाकडाचा भुसा टाकून मी विद्यार्थ्यांना जो प्रवाह दाखवीत असे, त्याच जातीचा हा प्रयोग. आणि आपल्या विषयाचे पहिले प्रतिरूप तेच, असे मी मानतो. जे छातीत दिसत नाही ते, छातीच्या नियमाने चालणारी दुसरी वस्तू घडवून, तिच्यात पाहावयाचे. काचेऐवजी समीकरणे आणि बियांऐवजी आकडे आले, एवढाच फेरफार. भोवऱ्याचा तो तर्क बेलहाउस यांनी ऑक्सफर्डमध्ये १९६८ साली प्रयोगाने पडताळून पाहिला, आणि २००२ साली कॅलिफोर्नियात मोर्तेझा घारीब व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिओनार्दोच्याच टिपणांवरून काचेची नळी घडवून पाण्यात भोवरे दाखविले. पाचशे वर्षांची मुदत उलटल्यावर एखाद्या अर्जाचा निकाल अर्जदाराच्या बाजूने लागावा, तसाच हा प्रकार.

मधल्या तीन-चार शतकांचा प्रवास मी भरभर ओलांडतो. लेनेकने १८१६ मध्ये कागदाची सुरळी छातीला लावून ठोके ऐकले आणि त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे झडपेविषयी जे काही कळले ते बव्हंशी कानाने कळले. दृष्टीची पाळी आली ती स्वीडनमधील लुंड या गावी. तेथील इंगे एडलर हे हृदयरोगाचे वैद्य आणि हेल्मुट हर्ट्झ हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक, म्हणजे विद्युल्लहरींचा शोध लावणाऱ्या हाइनरिश हर्ट्झ यांच्या पुतण्याचे चिरंजीव. जहाजबांधणीच्या कारखान्यात पोलादातील भेगा शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरतात, हे हर्ट्झना ठाऊक होते. माल्मो येथील गोदीतले ते यंत्र त्यांनी शनिवार-रविवारपुरते मागून आणले, आणि छातीवर लावून पाहताच आतून हलते प्रतिध्वनी उमटले. मग सीमेन्स कंपनीकडून तसेच एक यंत्र मिळवून २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांनी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली. जहाजाची भेग पाहणारा कान माणसाच्या काळजाला लावला गेला तो असा.

परंतु या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग निराळाच आहे, आणि पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तो दोन ओळींत उरकला गेला याचा मी ग्रंथकर्त्यांजवळ खेदही प्रकट केला आहे. एडलरना जो सर्वांत ठळक प्रतिध्वनी मिळत होता तो डाव्या कर्णिकेच्या पुढच्या भिंतीचा, असे ते काही काळ समजत होते. ही समजूत त्यांनी स्वतःच तपासावयास घेतली: मरणोन्मुख रुग्णांच्या छातीवर ध्वनिशलाकेची जागा आणि दिशा यांची खूण करून ठेवली, आणि मृत्यूनंतर त्याच खुणेतून त्याच दिशेने टोकदार सळई घालून ती कोठे निघते ते पाहिले. सळई भिंतीशी न थांबता, डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांमधल्या द्विदल झडपेच्या पुढच्या पाकळीत निघाली. म्हणजे ज्या चित्राने झडप प्रथम दाखविली, ते चित्र ती झडप आहे हे सांगत नव्हते. ते सळईने सांगितले. चित्र आणि वस्तू यांमध्ये वाचणाऱ्याचा तर्क उभा असतो, आणि त्या तर्काची रुजुवात बाहेरून कोणी तरी घ्यावी लागते. एडलरची सळई आणि मोजणीदाराच्या दोन खुणा, या एकाच कामाच्या वस्तू आहेत.

चित्रामागून आकडा आला. १९७० च्या दशकात नॉर्वेमध्ये प्रथम ओस्लोस होलेन यांनी आणि मग ट्रोंढाइमला लिव्ह हात्ले व ब्यॉर्न अँगेलसेन यांनी, डॉप्लरच्या तत्त्वाने झडपेतून निघणाऱ्या झोताची गती मोजून तीवरून दाबातील फरक काढण्याची वहिवाट पाडली. गती सेकंदाला किती मीटर ते घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला चाराने गुणावे, उत्तर पाऱ्याच्या मिलिमीटरांत येते. माझ्या विद्यार्थ्यांना हे चाराचे गणित दाखविले तर ते हसतील, कारण कालव्याच्या दरवाजाखालून सुटणाऱ्या पाण्याला आम्ही बेर्नुलीचा १७३८ सालचा जो नियम लावतो तोच हा. रक्ताची घनता घालून निम्मे केले आणि एकके बदलली की ३.९७ येतात, त्याचे वैद्यांनी चार केले. तत्पूर्वीच, १९५१ साली, अमेरिकेत रिचर्ड गोर्लिन या तरुण डॉक्टराने झडपेचे क्षेत्रफळ काढण्याचे जे सूत्र प्रसिद्ध केले, त्यात त्याचा सहलेखक होता त्याचा बाप, आणि बाप व्यवसायाने अभियंता. आमच्या पेशाच्या माणसाने वैद्यकाच्या घरात असा चोरपावलांनी प्रवेश केलेला पाहून मला झालेला आनंद मी येथे लपवीत नाही.

तथापि सुटसुटीत सूत्राच्या पोटात गृहीतकांची मांदियाळी असते. ध्वनी शरीरात सर्वत्र सेकंदाला १,५४० मीटर याच गतीने जातो, असे यंत्र धरून चालते. चरबीत तो सावकाश जातो याची त्याला दखल नाही. पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन परत येण्यास ध्वनीला सेकंदाचा सुमारे पाचहजारावा हिस्सा लागतो; एका चित्राला शंभर रेषा धरल्या तर सेकंदाला पन्नासच चित्रे निघतात, आणि झडपेची पाकळी तेवढ्यात एका चित्रातून दुसऱ्या चित्रात उडी मारून मोकळी होते. झोताची दिशा आणि ध्वनीची दिशा यांत वीस अंशांचा कोन राहिला तर चार मीटरची गती ३.७६ दिसते, फरक क्षुल्लक वाटतो, पण वर्ग होताच ६४ चे ५६.५ होतात. सी.टी. चित्रात पाकळीच्या हालचालीची धूसर छाया पडते, कारण क्ष-किरणांची नळी फिरावयास जो वेळ लागतो तेवढ्यात पाकळी हललेली असते. एम.आर.आय. चे प्रवाहचित्र तर शेकडो ठोक्यांची सरासरी काढून, दोन-तीन मिलिमीटरांच्या चौकड्यांत बसविलेले असते. अरुंद झोताचे टोक त्यात पुसट होणार नाही तर काय होईल?

येथे घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला जिना चढताना धाप लागू लागली. तिचे टू-डी एको झाले. कागदावर महारोहिणीच्या झडपेचे क्षेत्रफळ ०.९ चौरस सेंटिमीटर लिहिलेले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी तीच तपासणी केली, तेव्हा कागदावर १.२ आले. पहिल्या कागदाप्रमाणे शस्त्रक्रियेची तयारी करावयाची, दुसऱ्याप्रमाणे सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावयाचे. घरात मसलती झाल्या. भाच्याचे मत पडले की पहिले यंत्र जुनाट, जावयाचे मत पडले की दुसरा तपासणारा नवशिका. ताई एवढेच म्हणाली, “अरे, काळीज तर माझं एकच आहे ना? मग दोन मापं कशी?” हा प्रश्न इतका सरळ होता की मी चष्मा चढवून दोन्ही कागद समोर घेऊन बसलो. झोताची गती दोन्हींत तीच, सेकंदाला ३.६ मीटर, झडपेच्या अलीकडच्या बहिर्मार्गातली गतीही जवळजवळ तीच. फरक एकाच रकान्यात होता: बहिर्मार्गाचा व्यास एकाने २० मिलिमीटर धरला होता, दुसऱ्याने २३. रुंद भागातून जितके रक्त जाते तितकेच अरुंद भागातून गेले पाहिजे, या कालव्याच्या नियमाने झडपेची वाट काढतात. त्यात हा व्यास वर्गाने येतो. तीन मिलिमीटरांची तफावत क्षेत्रफळात जवळजवळ एकतृतीयांश होऊन बसली आणि ताईची शस्त्रक्रिया तिच्यावर अडली.

आता या दोघांत चुकला कोण? पुढे सी.टी. झाले तेव्हा कळले की दोघेही एका अर्थाने बरोबर होते. ताईचा बहिर्मार्ग गोल नव्हताच. तो लंबगोल होता, २५ बाय २०. एकाने अरुंद बाजू मोजली, दुसऱ्याने तिरकी. आणि सूत्राने दोघांकडूनही वर्तुळ वदवून घेतले. साखळी लांबल्याची याहून स्पष्ट साक्ष मी पाहिलेली नाही. लंबगोल धरून हिशेब केला तर उत्तर १.१ च्या आसपास येते. मग सुटलो म्हणावे, तर तेही नाही. कारण ‘एकच्या खाली तीव्र’ ही जी हद्द ठरलेली आहे, तीही वर्तुळ धरणाऱ्या जुन्या साखळीनेच आखलेली. सी.टी. ने मोजलेल्या बहिर्मार्गासाठी ती हद्द १.२ वर न्यावी, असे काही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. साखळी दुरुस्त केली की जुन्या हद्दींचेही दगड हलवावे लागतात, हे महसूल खात्यात काम केलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. ताईच्या बाबतीत निर्णय अखेर झडपेवरील चुन्याच्या मोजणीने झाला. स्त्रियांसाठी त्या मोजणीचा आकडा १,२०० च्या वर गेला की दुखणे तीव्र असण्याचा संभव दाट धरतात, आणि तिचा बराच वर होता. मांडीतील रक्तवाहिनीवाटे नवी झडप बसविण्याचा जो मार्ग अलां क्रिबिए यांनी फ्रान्समध्ये रुआं येथे २००२ साली प्रथम माणसावर चोखाळला, त्याच मार्गाने तिची झडप बदलली. ती बरी आहे, आणि जिना चढते.

या उदाहरणात सी.टी. हाताशी होते म्हणून निकाल लागला. पण सी.टी. ची रुजुवात कोणी घ्यावी? तिच्यासाठी आणखी एक चित्र, आणि त्याच्यासाठी आणखी एक, अशी ही साखळी अनंत होते, कारण प्रत्येक चित्राच्या मागचे खरे हृदय अज्ञातच राहते. प्रतिरूपाचे महत्त्व येथे कळते. प्रतिरूपातले हृदय आपण स्वतः घडविलेले असते; त्याची पाकळी कोणत्या क्षणी कोठे आहे, झोताची गती प्रत्येक बिंदूत किती आहे, वाट किती चौरस मिलिमीटर उघडली आहे, हे सारे दप्तरात आधीच लिहिलेले. अशा हृदयाचे, यंत्र जसे चित्र घेईल तसेच, सर्व गफलतींसह चित्र तयार करावे, ते चित्र मोजणाऱ्यापुढे किंवा मोजणाऱ्या प्रणालीपुढे ठेवावे, आणि तिच्या उत्तराचा दप्तराशी ताळा घ्यावा. उत्तर किती चुकले हे तर समजतेच. शिवाय कोठे, कोणत्या दिशेने आणि कशामुळे चुकले, तेही समजते.

म्हणजे कामे दोन झाली: हृदय घडविणे आणि त्याचे चित्र घडविणे. पहिल्याचा पाया न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेस्किन यांनी १९७२ साली घातला. झडपेचे गणित अवघड का, तर पाकळी रक्ताच्या धक्क्याने हलते, आणि रक्त कोठे जाईल ते पाकळी ठरविते. सासूवाचून सुनेचे आणि सुनेवाचून सासूचे पान हलत नाही. नाव्हिए आणि स्टोक्स यांची प्रवाहाची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध होती, पण हलत्या काठाशी जुळवून घेण्यासाठी हिशेबाची जाळी दर क्षणी नव्याने आखावी लागे. पेस्किन यांनी जाळी स्थिर ठेवली आणि पाकळीला, तीत बुडवून, ताणलेल्या धाग्यांसारखी मोकळी सोडली. धागा ताणला गेला की त्याचा जोर जवळच्या चौकड्यांत वाटून द्यावयाचा, आणि चौकड्यांतील पाण्याच्या गतीने धागा पुढे सरकवावयाचा. युक्ती इतकी साधी की ती आधी कोणाला कशी सुचली नाही असे वाटावे. आणि ज्या गोष्टींविषयी असे वाटते त्या सुचण्यास बहुधा फार मोठी बुद्धी लागते. पुढे डेव्हिड मॅक्वीन यांच्या साहाय्याने त्यांनी, त्या काळच्या क्रे महासंगणकावर, धाग्यांनीच विणलेले तीन मितींचे धडधडते हृदय उभे केले.

दुसरे काम, म्हणजे चित्र घडविण्याचे, डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातील योर्गेन आरेंट जेन्सन यांच्या ‘फील्ड’ या प्रणालीने १९९० च्या दशकात सुकर केले. सोनोग्राफीच्या पडद्यावर जो रवाळपणा दिसतो, तो मांसाचे खरे रवे नव्हेत. असंख्य सूक्ष्म ठिकाणांहून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून पडलेली ती नक्षी आहे. प्रणालीत अशी लाखो ठिकाणे विखुरावयाची, हृदयाच्या ठरीव हालचालीप्रमाणे ती हलवावयाची, आणि प्रोबच्या प्रत्येक स्फटिकाला काय ऐकू येईल ते हिशेबाने काढावयाचे. पडद्यावर उमटते ते हुबेहूब एकोचे चित्र, फक्त त्या छातीला धनी नसतो. सी.टी. साठी हेच काम अमेरिकेतील पॉल सेगर्स यांच्या ‘एक्सकॅट’ या संगणकीय मानवदेहाने केले. त्याचा एक लाभ उघड आहे: जिवंत माणसाला पुनःपुन्हा क्ष-किरणांखाली घालता येत नाही, या देहाला मात्र हजार वेळा घातले तरी अपाय नाही, त्यामुळे मात्रा किती कमी केली तर झडप दिसेनाशी होते याचा शोध त्याच्यावर निर्धास्तपणे घेता येतो.

अशा तपासण्यांतून काय हाती लागले, त्याचा तपशील पुस्तकाच्या मधल्या चार प्रकरणांत आहे. वानगीदाखल एक सांगतो. द्विदल झडप गळत असेल तर गळतीच्या अलीकडे रक्त अर्धगोलाकार थरांनी छिद्राकडे धावते असे धरून गळती मोजण्याची रीत आहे. छिद्र लहान आणि गोल असेल तोवर ती ठीक. परंतु हृदय फुगल्यामुळे जी झडप गळू लागते, तिचे छिद्र पाकळ्या जुळण्याच्या रेषेवर कोयरीसारखे लांबट पडते, आणि थर अर्धगोल न राहता चपटे, लांबट होतात. प्रतिरूपात छिद्राचा आकार हवा तसा बदलून पाहता येतो. तेव्हा दिसून आले की अशा लांबट छिद्राची गळती ही रीत कमी दाखविते, म्हणजे ज्याचे दुखणे गंभीर त्यालाच ती धीर देते. पडद्याकडे नुसते बघत राहून हे कोणालाही कळले नसते.

एवढे गुणगान झाल्यावर दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे, कारण या विषयावरील लिखाणात ती बहुधा शेवटच्या परिच्छेदात कोंबलेली असते. संगणकाने रंगविलेले हृदय फार देखणे असते, आणि देखणेपणाला लोक पुरावा समजतात. त्या लाल-निळ्या झोतामागे रक्ताला पाण्यासारखा साधा द्रव मानलेले असते. पाकळीचा ताठपणा बहुधा मृत ऊतीवरून किंवा दुसऱ्याच कोणाच्या पाकळीवरून घेतलेला असतो. आणि पाकळीला धरून ठेवणाऱ्या ज्या नाजूक दोऱ्या, त्या चित्रात दिसतच नसल्यामुळे आदमासाने जोडलेल्या असतात. अशा हृदयांच्या चित्रांवर पढविलेली प्रणाली पाठशाळेत पहिली येते आणि बाहेर धूसर, जाड छातीचा, खोकणारा रोगी भेटला की गोंधळते. तेव्हा प्रतिरूपाचीही रुजुवात हवी. तिच्यासाठी पुन्हा काचेच्या नळ्या आणि पंप लागतात, म्हणजे लिओनार्दोपाशीच परत यावे लागते. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने वैद्यकीय उपकरणांच्या प्रतिरूपांवर किती विश्वास टाकावा याचे मानक २०१८ साली घालून दिले. त्यातला मला रुचलेला विचार हा की, प्रतिरूप चुकल्याने रोग्याचे जितके नुकसान होण्याजोगे असेल, तितका त्याच्याकडून पुरावा अधिक मागावा. आमच्याकडे धरणाच्या भिंतीला आणि शेताच्या बांधाला निरनिराळी कसोटी लावतात, तसेच हे.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर एक उणीव मला विशेष जाणवते. आज ज्या प्रतिरूपांवर सर्वांचा भर आहे ती बहुतांशी सुखवस्तू देशांतील वृद्धांच्या, चुना साचलेल्या महारोहिणीच्या झडपेची आहेत. आपल्याकडे त्या दुखण्याबरोबरच, लहानपणच्या घसादुखीमागून येणाऱ्या संधिवाताच्या तापाने द्विदल झडप जायबंदी झालेली तरुण माणसे, विशेषतः स्त्रिया, अजूनही आहेत. त्यांच्या पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटून वाट माशाच्या तोंडासारखी होते. ही वाट एकोच्या पडद्यावर रेघेने आखून मोजतात, आणि यंत्राची तीव्रता थोडी जास्त चढविली की कडा जाड दिसून तीच वाट लहान भरते. इनोए या जपानी शल्यविशारदाने १९८२ साली वापरात आणलेल्या फुग्याने ती रुंदावता येते, परंतु रुंदावावी की नाही हे याच मोजणीवर ठरते. या झडपेची प्रतिरूपे, सर्व तऱ्हांच्या चिकटलेल्या कडांसह, कोणी करावयाची तर ती आपणच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन नमुने फसल्यावर चौथा उभा केला, आणि डिसेंबर १९९० मध्ये देशी बनावटीची झडप प्रथम माणसाच्या हृदयात बसली. ज्या देशात यांत्रिक झडप घडविण्याची एवढी चिकाटी दाखविली गेली, त्या देशात आकड्यांची झडप घडविणे अशक्य मानण्याचे कारण मला दिसत नाही. मराठी मुलखातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत दर वर्षी प्रकल्पाच्या नावाखाली जे कागद काळे होतात, त्यांतला थोडा भाग इकडे वळला तर मला हवाच आहे.

पुस्तकाविषयी दोन शब्द. ग्रंथकर्त्यांची भाषा स्वच्छ आहे, आकृत्या नेमक्या आहेत, आणि जेथे इंग्रजी शब्द रुळलेला आहे तेथे त्यांनी संस्कृत शब्दाचा हट्ट धरलेला नाही. तिसऱ्या प्रकरणातील समीकरणांची ज्यांना धास्ती वाटेल त्यांनी ते प्रकरण सोडून चौथ्याकडे जावे. काही बिघडणार नाही. पण बेर्नुलीवरील टीप मात्र अवश्य वाचावी, कारण त्या एका ‘चारा’वर हजारो लोकांच्या शस्त्रक्रिया ठरतात, आणि तो चार कोठून आला हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

वाचकांस माझी विनंती एकच. घरात कोणाचे टू-डी एको झाले असेल, तर त्याचा कागद जुना झाला म्हणून रद्दीत घालू नये. सर्व कागद तारखेच्या क्रमाने एका फाईलीत लावून पुढच्या तपासणीस बरोबर न्यावेत, आणि महारोहिणीच्या झडपेचा मामला असेल तर बहिर्मार्गाचा व्यास प्रत्येक खेपेस किती धरला होता, एवढे डॉक्टरांस आवर्जून विचारावे.